नीलम्मा अक्काचा साचा

सत्कार करणाऱ्या पोरांनी सांगितलंय, 'काका, आठवणीदाखल दोन शब्द लिहून द्या, छापतो.' हे घ्या दोन शब्द. वाचून झाल्यावर बी सत्कार करावासा वाटला तर तुमचं तुम्ही बघा. मी येणार न्हाय.

मी गैबी शिकलगार. शिरोली एमआयडीसीत छत्तीस वर्षं पॅटर्नमेकर. म्हंजे लोखंडाचं ओतकाम करायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करून देणारा गडी. पंपाचं कवच असू दे न्हायतर ट्रॅक्टरचा भाग, आधी माझ्या हातनं लाकडात जन्म घेणार, मग लोखंडात. ह्या कामाला कुणी टाळ्या वाजवत न्हाय आणि मला त्याची कधी हौस बी न्हवती. आणि आता छप्पन्नाव्या वर्षी टाळ्या वाजवायला लोक दारात आल्यात, तर मला तोंड लपवायला जागा घावंना.

गेल्या महिन्यात माझी लेक आफशीन मोबाईल नाचवत आली. "अब्बा, ह्यात तुमचं नाव कसं काय? मी चार वेळा थांबवून बघितलो!" कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलत्यात, आलो, गेलो, बघितलो. मी चष्मा लावून बघितलं तर 'परग्रहावरची हडळ'. ब्याण्णव साली आपल्याच जिल्ह्यात काढलेला सिनेमा. पाट्या वर सरकत होत्या आणि शेवटनं दुसऱ्या ओळीत 'हडळीचा मुखवटा: गैबी'. माझ्या हातातला च्या तसाच गार झाला.

आफशीन म्हणाली, "लई गाजायलाय हा सिनेमा. पोरं हसून हसून लोळायल्यात. टी-शर्ट काढल्यात हडळीचे!"

हसतील न्हायतर काय करतील! तो सिनेमा काढला गारगोटीकडच्या विजयसिंहानं. घरचं गुळाचं गुऱ्हाळ, अंगात सफारी आणि डोक्यात सिनेमाचं वारं. त्या काळात व्हिडिओवर भुताचे सिनेमे चालायचे आणि परग्रहावरच्या माणसांचे बी चालायचे. ह्यानं इचार केला, दोन सिनेमे काढण्यापरीस एकातच दोन्ही बसवू. म्हणून हडळ परग्रहावरनं आणली. उडती तबकडी म्हंजे काय, तर गुऱ्हाळातली काहील, उसाचा रस उकळायची ती मोठी कढई, पालथी घातलेली आणि कडेनं दिवाळीची लायटिंग. रातचं शूटिंग करायला दिवं न्हवतं, म्हणून भिंगापुढं निळी काच धरून भर दुपारी बाराला रात्र करायचे. त्या रात्रीत मागं एक गडी उसाला पाणी पाजताना दिसतोय आणि वर कावळं उडायल्यात.

हडळीचं तोंड मात्र विजयसिंहाला झकास पाहिजे होतं. कुणीतरी त्याला सांगितलं, शिरोलीत गैबी म्हणून पोरगं हाय, कशाचा बी साचा काढतंय. आला कारखान्यावर. "साचं करतोस न्हवं? मग भुताचा साचा कर!" मी चोवीस वर्षांचा. सिनेमा म्हटल्यावर चळलो. आधी माझ्याच तोंडाचा साचा काढून रबराचा मुखवटा केला. तो बघून विजयसिंह म्हणाला, "गैब्या, ह्या हडळीला बघून तान्हं पोरगं पापा मागंल." मग लाकडात कोरून केला. तो गावदेवासारखा दिसायला लागला, शूटिंगला आलेल्या दोन बायांनी पायाच पडून घेतलं. विजयसिंह वैतागला. म्हणाला, "आठ दिवसांत खरं भेसूर तोंड दे, न्हायतर सोड नाद."

खरं भेसूर तोंड. हे शब्द त्याचे. त्यापुढचं सगळं माझं.

आता नीलम्मा अक्का कोण ते सांगतो. आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर एक बाई दुपारी भाकरी आणि झुणका विकायची. निपाणीच्या पल्याडची, घरात कानडी, दारात मराठी. गळ्यात लिंग. सकाळी ते तळहातावर घेऊन पूजा झाल्याबिगर तिचा तवा चुलीवर चढायचा न्हाय. आवाज असा की भट्टीचा पंखा चालू असला तरी आत ऐकू यायचा. "कोण राहिलाय रं जेवायचा? भाकरी संपली तर माझ्या नावानं बोंबलू नगंसा!" आणि हे सगळं पदराचं टोक दातात धरून. डाव्या अंगानं पदर ओढून घेतलेला, त्याचं टोक दातात. दोनशे गडी तिच्या हातची भाकरी खायचे, पण तिचं डावं तोंड कुणी बघितलेलं न्हवतं.

नवा माणूस आला की अक्का त्याला 'पावणं' म्हणायची. "या पावणं, बसा पावणं, घ्या की पावणं." लई आदरानं, पण चार हात लांबनं. दोन-चार महिने भाकरी खाल्ली, माणूस बरा निघाला, की मग नाव घ्यायची. आणि दोनशेतल्या एकालाच 'तम्मा' म्हणायची. तम्मा म्हंजे कानडीत धाकटा भाऊ. तो एक मी. रमजानात माझ्या वाटणीची भाकरी झाकून ठेवायची, संध्याकाळी मी रोजा सोडून येईपर्यंत फाटकावर बसायची. म्हटलं, अक्का, घरी पोरगं वाट बघत असंल, जावा की. तर म्हणायची, "दिवसभर उपाशी माणसाला गार भाकरी देऊन जाऊ व्हय? शिवा शिवा!" आणि तिथंच तीन दगडांवर परत गरम करायची.

नव्वद साली माझ्या उजव्या हातावर लोखंडाचा रस उडाला. मनगटापासनं अंगठ्यापर्यंत कातडं गेलं. खोलीवर एकटा पडलो. अक्का महिनाभर डबा घेऊन आली, पहिलं आठ दिवस घास मोडून भरवला. एक दिवस मी लहान पोरासारखा रडायला लागलो. आता ह्या हातात पटाशी धरता येणार न्हाय, आता मी कामातनं गेलो. अक्का उठली, दार लोटून घेतलं, माझ्यापुढं बसली आणि पदर काढला.

"बघ, तम्मा," म्हणाली. "हे बी वाळलं. तुझं बी वाळंल."

बाविसाव्या वर्षी ती नवऱ्याबरोबर, रुद्रय्याबरोबर, आपल्या जिल्ह्यात गुऱ्हाळावर हंगामाला आली होती. काहील उतरवताना कुणाचातरी पाय घसरला आणि उकळता पाक तिच्या तोंडावर आला. गाल आत ओढला गेलेला, ओठ वर चढलेला, दोन दात कायम उघडे. डाव्या डोळ्याची पापणी खाली ताणलेली, मिटायचीच न्हाय. झोपताना ती त्या डोळ्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवायची. दवाखान्यातनं परत आल्यावर रुद्रय्यानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि बैल आणतो म्हणून गेला, तो गेलाच. शिवशरण तवा पोटात होता. हे सगळं तिनं मला त्या दिवशी सांगितलं, माझं दुःख हलकं करायला. माझा हात वाळला. पटाशी धरता आली. आणि दोन वर्षांनी त्याच हातानं मी तिचं तोंड हडळीला लावलं.

विजयसिंहाला मी म्हटलं, तोंड हाय माझ्या बघण्यात. अक्काला काय सांगायचं ते त्यानं न्हाय शिकवलं, माझं मलाच सुचलं. खोटं बोलायला मला कधी कुणाची गरज लागली न्हाय, हे बी त्या दिवशी कळलं.

"अक्का," मी म्हटलं, "पुण्यात एक मोठे डॉक्टर हैत. दुसरीकडचं कातडं काढून तोंडाला बसवत्यात. पण आधी त्यांना तोंडाचा साचा बघायला लागतोय. मी काढून धाडतो."

अक्कानं हातातलं पीठ परातीत झाडलं. मग एकच इचारलं, "पापणी मिटंल व्हय रं?" तोंड चांगलं दिसंल का, असं न्हाय इचारलं. पापणी मिटंल का, एवढंच.

"मिटंल की," मी म्हटलं.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी ती आली. केसाला तेल, धुतलेलं लुगडं, देवाला जाताना नेसावं तसं. माझ्या कामाच्या टेबलावर आडवी झाली. मी तोंडाला तेल लावलं, श्वासाला नाकात पपईच्या देठाच्या नळ्या घातल्या, न मिटणाऱ्या डोळ्यावर ओल्या कापसाची घडी ठेवली आणि वरनं प्लास्टर चढवलं. आता एक गोष्ट मला पक्की म्हाईत होती आणि तिला सांगायची मी इसरलो. प्लास्टर वाळताना तापतंय. चटका बसत न्हाय, पण चांगलं ऊन होतंय. उकळत्या पाकानं भाजलेल्या बाईच्या तोंडावर मी ते तापतं प्लास्टर घालून उभा. तिचं अंग ताठ झालं. तोंड उघडता येत न्हवतं. तिनं हात चाचपत माझा हात धरला आणि असा आवळला की माझ्या भाजलेल्या जागेवर तिची नखं रुतली. "जरा कळ काढा, अक्का, झालंच," मी म्हणत राहिलो. तिनं कळ काढली. वीस मिनिटं हलली न्हाय. साचा एका फटक्यात झकास निघाला, आणि काय सांगू, लाज वाटायच्या ऐवजी मला आनंद झाला. इतका बिनचूक साचा मी जन्मात काढला न्हवता.

पुढं ऐका. तिचं तोंड विजयसिंहाला पुरेना. म्हणून मी साच्यात गालाच्या जागी प्लास्टर चढवून खाच आणखी खोल केली, पटाशीनं दात लांब केले, ओठ आणखी वर चढवला. मग रबराचा चीक भरून मुखवटा काढला आणि हिरवा रंगवला. आणि ह्या सगळ्यात हाताची सवय गेली न्हाय. आमच्या ओतकामात ज्याचा माल त्याचं नाव मालावर उठवायचं, अशी रीत हाय. साच्यात नाव उलटं कोरायचं, म्हंजे मालावर सुलटं येतंय. मी काय करायलोय ह्याचं भान नसताना साच्याच्या गळ्यापाशी बारक्या अक्षरांत कोरून बसलो, 'नीलम्मा'. हडळ मान वर करून हसती तवा गळ्याखाली ती अक्षरं दिसत्यात. तवा कुणाला दिसली न्हाईत. आता मोबाईलवर पोरं सिनेमा थांबवून बघत्यात आणि त्यांना वाटतंय हडळीचंच नाव नीलम्मा. टी-शर्टावर छापलंय, 'नीलम्मा आली रे!'

तवा सिनेमा जत्रेतल्या तंबूत आठ दिवस टिकला. हडळ आली की लोक हसायचे, शिट्ट्या मारायचे. अक्का काय सिनेमाला जाणारी न्हवती. ती वाट बघत होती ती पुण्याची. रोज ताटात भाकरी टाकताना हळूच इचारायची, "पुण्याचं काय आलं का रं, तम्मा?" मी म्हणायचो, येईल की, मोठे डॉक्टर हैत, टाइम लागतोय. एक दिवस, दोन दिवस, चार महिने. शेवटी तिचं इचारणं एकदाचं थांबावं म्हणून बोलून गेलो, "अक्का, डॉक्टर न्हाय म्हणाले. तुमच्या तोंडाला हात लावला तर आणखी बिघडंल म्हणाले. कधीच लावू नका म्हणाले."

तिनं ऐकून घेतलं. मग माझ्या ताटात एक भाकरी जास्त टाकली. "तू तरी किती खटपट केलास रं माझ्यासाठी," म्हणाली.

त्या महिन्यात मी कारखाना बदलला. पगार वाढवून देत होते म्हणून बदलला, असं घरी सांगितलं. खरी गोष्ट ही की मी फाटक बदललं. पुढं शिवशरणला वारणानगरला दुधाच्या टँकरवर काम लागलं आणि अक्का तिकडं गेली. त्याच्या लग्नाची पत्रिका आली, गेलो न्हाय. बारशाचं बोलावणं आलं, गेलो न्हाय. साचा मात्र टाकवला न्हाय. आमच्यात साचा कुणी मोडत न्हाय. साचा गिऱ्हाइकाचा, कारखाना नुसता राखणदार. माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेला.

तो आफशीननं हुडकून काढला आणि व्हिडिओ टाकला. 'हडळीचा खरा साचा, माझ्या अब्बांच्या हातचा'. त्यात मागनं माझा एकच आवाज हाय, "ए, ठेव तो खाली, फुटंल!" तो व्हिडिओ बघूनच सत्कारवाले आले. आणि तोच बघून मंगळवारी सकाळी एका पोरीचा फोन आला.

"काका, मी सौंदर्या बोलतो. नीलम्मांची नात. आज्जीला आता नीट दिसत न्हाय, पण तुमचा आवाज ऐकून उठून बसली. म्हणती, हा माझा तम्मा. आणि हा साचा माझा, पुण्याच्या डॉक्टरांकडं गेलता." मग म्हणाली, "मग तिथं हडळीचं काय लिहिलंय, काका?"

मी फोन ह्या कानाचा त्या कानाला लावला.

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मला त्या डॉक्टरांचं नाव पाहिजे." आणि सगळं सांगितलं. अक्काचा डावा डोळा पंधरा वर्षांपूर्वी गेला. पापणी मिटत न्हाय म्हणून वाळत वाळत गेला. शिवशरण मोठा झाल्यावर किती वेळा म्हणाला, दवाखान्यात चल, आता पापणीचं ऑपरेशन होतंय. अक्का एकच म्हणायची, मोठ्या डॉक्टरांनी न्हाय म्हटलंय. आता उजव्यात मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणत्यात, साधं काम हाय, शुक्रवारी करू. पण अक्का अडून बसलीय, माझ्या तोंडाला हात लावायचा न्हाय. "तुम्ही नाव सांगा, काका. ते डॉक्टर असतील तिथं मी जातो, 'चालतंय' म्हणून त्यांच्याकडनं लिहून आणतो. न्हायतर आज्जी आंधळी होणार."

मी म्हटलं, उद्या येतो. फोन ठेवला. एका डोळ्यानं आंधळी. माझ्या एका वाक्यानं.

आणि एवढं कळून बी माझी अक्कल कुठं गेली बघा. मी विजयसिंहाला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, डोकं लावतोस काय एवढं! म्हण डॉक्टरांनी साचा परत बघितला आणि आता चालतंय म्हणाले. म्हातारीचा डोळा वाचतोय, तुझी अब्रू वाचती, रविवारी आपला सत्कार. मिटलं!" आणि मला ते पटलं. मोटारसायकलवर वारणानगरपर्यंत मी तेच घोकत गेलो. साचा पोत्यात बांधून मागं घेतला होता, का घेतला ते आता बी सांगता येत न्हाय.

अक्का कॉलनीतल्या घरात खुर्चीवर बसलेली. केस पांढरे, बाकी आवाज तोच. घरात बी पदर दातात. माझी चाहूल लागली तशी तिनं तो सोडून दिला. "तम्मापुढं काय लपवायचं," म्हणाली. माझा उजवा हात हातात घेतला, अंगठ्यापासनं मनगटापर्यंत बोटं फिरवली आणि हसली. "वाळलं की रं झकास!"

सौंदर्या दाराशी हाताची घडी घालून उभी होती. हसत न्हवती.

"अक्का," मी सुरू केलं, "पुण्याच्या डॉक्टरांचा निरोप हाय. साचा परत बघितला त्यांनी. म्हणाले, आता हात लावला तर चालतंय. शुक्रवारी ऑपरेशन करून घ्या."

अक्काचं तोंड असं उजळलं म्हणून सांगू! "अय्य शिवने! एवढी वर्षं माझा साचा जपून ठेवला त्यांनी? सौंदर्या, ऐकलास? शुक्रवारी जायचं." झालं. विजयसिंह म्हणाला तसंच झालं. तिथंच उठून घरी आलो असतो तर रविवारी फेटा बांधून तुमच्या व्यासपीठावर बसलो असतो.

पण अक्कानं माझा हात सोडला न्हाय. म्हणाली, "त्यांचं नाव सांग, तम्मा. रोज लिंगापुढं तुझं नाव घेत आले, त्यांचं राहिलं बघ."

रोज. बत्तीस वर्षं. तिथं माझी जीभ अडकली ती अडकलीच.

"अक्का," मी म्हटलं, "डॉक्टर न्हवताच."

"वारले?"

"न्हाय, अक्का. कधी न्हवताच. मी खोटं बोललो. साचा पुण्याला गेलाच न्हाय. सिनेमावाल्यांना हडळ करायची होती, त्यांना दिला मी. तुमच्या तोंडाची हडळ केली."

सौंदर्याच्या तोंडनं एक आवाज निघाला. अक्कानं माझ्याकडं कान केला. मग म्हणाली, "लोक भ्याली?"

"न्हाय, अक्का," मी म्हटलं. "हसली."

तिनं माझा हात सोडला. "साचा आणलास?" मी पोतं सोडून तो तिच्या मांडीवर ठेवला. तिनं आतनं हात फिरवला. कपाळ, नाक, उजवा गाल. डाव्या गालाशी हात थांबला. "हे एवढं खोल न्हवतं."

"न्हाय. ते मी केलं."

बोट डाव्या डोळ्याच्या जागेवर गेलं, कापसाची घडी ठेवली होती तिथं. ते तिथंच ठेवून तिनं इचारलं, "मग न्हाय कोण म्हणालं?"

मला उमगलं न्हाय.

"तवा रं. तोंडाला कधीच हात लावू नका म्हणून. ते कोण म्हणालं?"

"मी."

"काका, डोळा गेला तिचा!" सौंदर्या ओरडली. "डोळा गेला! तुम्हाला काय वाटतंय का न्हाय? माणूस हैसा का कोण हैसा?" अक्कानं हात वर करून तिला गप केलं. खाली मान घालून मी बसून राहिलो. मला वाटत होतं, आता शिव्या दे, अक्का, थोबाडीत मार, काय तर कर. फाटकावर उधारी बुडवणाऱ्याला सात पिढ्यांच्या शिव्या घालणारी बाई, आज मला एक तरी घाल.

तिनं काय केलं न्हाय. साचा पोत्यात गुंडाळून नीट बांधला आणि खुर्चीच्या बाजूला ठेवला. "ह्यो माझा हाय, हितंच ऱ्हाऊ दे," म्हणाली. मग नातीला म्हणाली, "अव्वा, शुक्रवारचं डॉक्टरला सांग. येतोय म्हणावं."

मी उठलो. माफी बी मागितली न्हाय. दाराकडं वळलो तवा मागनं तिचा आवाज आला, लई आदराचा, चार हात लांबनं.

"बसा. आमच्या दारातनं कोण तसंच जात न्हाय. सौंदर्या, पावण्यास्नी च्या दे."

मी मागं वळून बघितलं. तिनं डाव्या अंगानं पदर ओढून घेतला होता आणि त्याचं टोक दातात धरलं होतं. मी खाली बसलो आणि च्या प्यालो.